परड्यातल्या कोंबड्या: उंदीर वाढले, अंडी घटली. आधी कशाच्या मागं लागायचं?

परडं_कळंबा

कोल्हापूरजवळ कळंब्याच्या बाजूला घरामागं परड्यात १२ माद्या आणि १ कोंबडा आहे. सहा गावरान, सहा आरआयआर (र्‍होड आयलंड रेड जातीच्या). आरआयआर दोन वर्षांच्या व्हायला आल्यात, गावरान मिसळ वयाच्या. खुराडं ८ बाय ६ फूट: खाली माती, वर पन्हळी पत्रा, बाजूंना नेहमीची षटकोनी कोंबडी-जाळी.

गणपतीपर्यंत दिवसाला ७-८ अंडी होती. आता २, कधी ३. शेजारच्या उसाला तोड लागून पंधरवडा झाला, तेव्हापासून उंदरांचा नुसता धुमाकूळ आहे. संध्याकाळी सहालाच पत्र्यावर खडखड सुरू होते. लेअर मॅशचं (अंड्यावरच्या कोंबड्यांच्या भरड खाद्याचं) ५० किलोचं पोतं २५ दिवसांत संपतंय. खाद्याचं भांडं रात्रभर आतच असतं. दुपारी उरलेली भाकरी, भात, कणी घालते. घरट्याजवळ दोनदा कवचाचे तुकडे सापडले. काही कोंबड्यांची पिसंही गळतायत.

दुकानदारानं काळपट पावडर दिलीय, पिठात कालवून ठेवा म्हणाला. अजून उघडलेली नाही. अंडी उंदरांमुळंच घटली का, आणि ही पावडर खुराड्याजवळ ठेवावी का?

हिशेबी_कुक्कुट

पावडर आहे तशी वर ठेवून द्या, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी. तिच्याबद्दल खाली कोणीतरी लिहीलच. आधी हिशेब.

गावरान कोंबडी दिवसाला साधारण ८०-९० ग्रॅम खाते, आरआयआर ११०-१२०. कोंबडा धरून तुमचं रोजचं खाणं १ किलो ३५० ग्रॅमच्या आसपास बसतं. त्या हिशेबानं पोतं ३७ दिवस जायला हवं, आणि तुम्ही वर भाकरी-भातही घालताय. २५ दिवसांत संपतंय म्हणजे रोज २ किलो. साडेसहाशे ग्रॅम कुठंतरी जातंय. थोडं सांडून वाया जात असेल, बाकी उंदरांच्या पोटात. एक उंदीर रात्रीत १५ ते ३० ग्रॅम खातो, म्हणजे तुमच्याकडं वीसेक तरी रोज जेवायला येतात. तोडीनंतर हे व्हायचंच. उभ्या उसात त्यांना खायला आणि लपायला दोन्ही असतं. फड मोकळा झाला की पाचटातून निघून ते जवळच्या गोठ्याकडं, खुराड्याकडं सरकतात.

पण पोतं उंदीर खातायत म्हणून अंडीही तेच खातायत असं धरू नका. दोन्ही वेगळं मोजा. पुढचे दहा दिवस दिवे लागायच्या वेळेला घरट्यातली सगळी अंडी काढा आणि पेन्सिलीनं खूण केलेलं एकच अंडं आत ठेवा. सकाळी उजाडायच्या आत बघा. रात्रीत गेलं तर उंदीर, घूस किंवा साप. तसंच खुणेचं अंडं दिवसा ठेवून गेलं तर कावळा, मुंगूस किंवा तुमचीच एखादी कोंबडी. कोंबडी अंडं खात असेल तर घरट्यातलं पिंजार ओलं-चिकट होतं आणि तिच्या चोचीला, गळ्याच्या पिसांना बलक वाळलेला दिसतो. उंदीर कवचाची कड कुरतडतो, बहुतेक वेळा अंडं लोळवत बिळाजवळ नेतो. साप काहीच मागं ठेवत नाही. घरट्यासमोरच्या मातीवर रात्री रांगोळीचा पातळ थर पसरा. सकाळी पावलं मोजता येतात आणि घूस आहे की साधा उंदीर तेही कळतं.

दुसरी तपासणी कोंबड्यांची. रात्री त्या दांडीवर बसल्या की बॅटरी घेऊन एकेक हातात घ्या. गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना दोन टोकदार हाडं लागतात. त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं मावली आणि जागा ओलसर, सैल असली तर ती कोंबडी अंड्यावर आहे. जेमतेम एक बोट मावतं, जागा कोरडी-आवळलेली, तुरा फिका आणि आक्रसलेला, तर ती आत्ता अंडी देत नाहीये. मग उंदीर असोत वा नसोत. पिसांच्या मुळाशी नवे कोंब टोचतात का बघा. टोचत असतील तर पीसझड चालू आहे, आणि त्या काळात दोन-तीन महिने अंडं जवळजवळ बंद असतं. बाराही कोंबड्यांची वही करा. पायात रंगीत कडी घाला, नाहीतर चौथ्या कोंबडीला कोण कुठली ते विसरायला होतं.

हातात घेतलेल्या कोंबडीच्या पंखाखाली आणि दांडीच्या भेगांत गोचीड, लाल कोळी आहेत का तेही त्याच वेळी बघा. दिवसा ते भेगांत लपतात, रात्रीच सापडतात. रक्त पिऊन कोंबडी फिकी पडते आणि अंडं थांबतं. सापडले तर दांड्या बाहेर काढून उन्हात टाका, भेगांतून उकळतं पाणी आणि वरून चुन्याचा हात.

आणि एक गोष्ट आज संध्याकाळपासूनच: सूर्य मावळायच्या आधी खाद्याचं भांडं उचला, सांडलेलं झाडून घ्या, पाणीही काढा. कोंबडी अंधारात खात-पीत नाही, तिचं काही अडत नाही. खाद्य गोणीत ठेवू नका. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा किंवा जुना तेलाचा ड्रम घ्या. प्लॅस्टिकचा ड्रम घूस कडेनं कुरतडते.

उद्यमनगर_फॅब

जाळीचं सांगतो. षटकोनी जाळी कोंबडी आत ठेवायला असते, उंदीर बाहेर ठेवायला नाही. पिल्लू-उंदीर तिच्यातून सरळ जातो आणि मोठा तार कुरतडून जातो. तुम्हाला अर्धा इंची चौकोनी वेल्डेड जाळी लागेल, तार २० गेजपेक्षा बारीक नको, गॅल्व्हनाइज्ड. ८ बाय ६ च्या खुराड्याचा घेर २८ फूट. जमिनीपासून ३ फूट उंच लावा, वर जुनी जाळी राहू द्या, पण जोड एकमेकांवर २ इंच चढवून दर ४ इंचाला तारेनं आवळा. सांधा ढिला राहिला की तिथूनच वाट होते.

खालचं महत्त्वाचं. उंदीर भिंतीला चिकटून उकरतो. म्हणून जाळी सरळ खाली पुरण्यापेक्षा ६ इंच खाली नेऊन बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी वळवा, इंग्रजी एल अक्षरासारखी, आणि वर माती-खडी दाबा. उकरता उकरता जाळी लागली की तो कडेला सरकतो, फूटभर मागं जाऊन परत सुरू करायचं त्याला सुचत नाही. घुशीला मात्र हे कमी पडू शकतं. घूस दिसत असेल तर आत २-३ इंची कोबा करून घ्या, पाणी निघायला दाराकडं थोडा उतार, वर भाताचं तूस ३-४ इंच. कोबा करताना कडेची जाळी काँक्रीटमध्ये धरली जाईल असं बघा, नाहीतर कोबा आणि भिंतीच्या मधली फटच वाट होते.

सगळ्यात जास्त विसरली जाणारी जागा म्हणजे पन्हळी पत्र्याच्या नळ्या. पत्रा भिंतीवर किंवा पाइपावर टेकतो तिथं प्रत्येक नळीत दीड-दोन इंचाचं भोक राहतं. तुमच्याकडं पत्र्यावर खडखड आहे म्हणजे येणं-जाणं तिथूनच. जाळीचे तुकडे वळवून नळीत कोंबा आणि वरून सिमेंट. फोम भरू नका, एका रात्रीत कुरतडतात. दाराखालची फट पाव इंचापेक्षा कमी पाहिजे. दाराच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी मारा. पेरू-शेवग्याची फांदी पत्र्याला टेकत असेल तर ३ फूट मागं छाटा. शेणी, सरपण, पिंजार खुराड्याच्या भिंतीला लावून रचलेलं असेल तर ते हलवल्याशिवाय बाकी कशाचा उपयोग नाही. ते त्यांचं घर आहे.

जाळी लावायच्या दिवशी आत एकही उंदीर नाही याची खात्री करा. तूस, पिंजार, घरट्याच्या पेट्या सगळं बाहेर. आत अडकलेला उंदीर बाहेर पडायला जाळीच कुरतडत बसतो.

शिरोळ_ऊसकरी

ताई, एवढं लांबण लावायची गरज नाही. ती पावडर झिंक फॉस्फाइड असणार. आमच्याकडं भुईमुगात, उसात तीच वापरतात. तेल लावलेल्या भरड्यात कालवून बिळात पुडी सोडायची, सकाळी सगळं साफ. कोंबड्या दोन दिवस कोंडून ठेवा म्हणजे झालं.

पशुधन_पन्हाळा

शेतात ठीक, परड्यात नको. तीन कारणं आहेत.

झिंक फॉस्फाइड पोटात गेलं की फॉस्फिन वायू होतो. त्याला उतारा नाही. कोंबडीनं थोडे विषारी दाणे टिपले तरी ती जाते, आणि उंदीर पुडी बिळातून बाहेर ओढून आणतो, दाणे वाटेत सांडतात. दोन दिवस कोंडून काय होणार? दाणा तिसऱ्या दिवशीही तिथंच असतो. दुसरं, उंदीर नव्या खाण्याला बिचकतो. आधी दोन-तीन दिवस बिनविषारी दाणे घालून सवय लावली नाही तर तो जरासं चाखतो, आजारी पडतो, वाचतो आणि पुन्हा महिनोन्‌महिने त्या आमिषाकडं फिरकत नाही. शेतात लोक ही सवय लावतात, घरी घाईत लावत नाहीत. तिसरं आणि खरं कारण म्हणजे ताईंच्या खुराड्यात रात्रभर मॅश भरलेलं भांडं आहे. ते सोडून कोण विष खाईल?

अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांचं नावही काढू नका. बिळात टाकलेल्या गोळीचा वायू भेगांतून घरात येतो, माणसं दगावतात. प्रशिक्षित माणसाशिवाय ती वापरायचीच नसते. पिवळ्या फॉस्फरसची पेस्टही घरात नको, तिलाही उतारा नाही.

विष लागलंच तर शेवटी, आणि ब्रोमाडिओलोन ०.००५ टक्क्याची वडी. यानं रक्त गोठायचं थांबतं, उंदीर चार-सात दिवसांनी मरतो, त्यामुळं बाकीचे बिचकत नाहीत. जनावरानं चुकून खाल्लं तर डॉक्टर के-१ जीवनसत्त्व देऊन वाचवू शकतात. पण वडी उघडी ठेवायची नाही. ३ इंची पीव्हीसी पाइपचा दीड-दोन फुटांचा तुकडा, मधोमध वडी तारेनं बांधलेली, पाइप भिंतीला लागून आणि कोंबड्यांच्या वावराच्या बाहेर. रोज सकाळी मेलेले शोधा. कोंबडी लहान उंदीर गिळते हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. विष खाल्लेला उंदीर तिच्या पोटात गेला तर विष अंड्यात उतरण्याची भीती. मांजर आणि घुबड तर तुमच्याच बाजूचे शिपाई, ते आधी मरतात. कोंबडीनं असं काही खाल्ल्याची शंका आली तर अंडी खाणं बंद करा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा.

त्याआधी सापळे. १२ कोंबड्यांच्या परड्याला एक पिंजरा पुरत नाही, सहा-आठ लागतात. पहिले तीन-चार दिवस पिंजरे उघडेच बांधून ठेवा, आत खायला घाला, पडू देऊ नका. उंदीर निर्धास्त झाला की एकाच रात्री सगळे लावा. पहिल्या दोन रात्रींत जेवढे मिळतात तेवढे नंतर आठवड्यात मिळत नाहीत. आमिष म्हणून खोबऱ्याचा भाजलेला तुकडा, सुकट किंवा शेंगदाणा-गुळाची गोळी. मॅश घालू नका, ते त्यांना रोजच मिळतं. पिंजरा मोकळ्या जागेत नाही, भिंतीला लागून, तोंड त्यांच्या वाटेवर. स्प्रिंगचा चाप लावणार असाल तर आंब्याची रिकामी पेटी उपडी घालून त्याखाली लावा. पेटीला ३ इंची भोक, वर दगड. उघड्या चापात कोंबडीची मान जाते. चिकटपट्टी नको, पिल्लं आणि पाली चिकटतात, आणि प्राण्याचे हालही होतात.

चिचुंद्री सापडली तर सोडून द्या, ती किडे खाते. बारीक पिल्लं असतील तेव्हा मात्र तिलाही आत येऊ देऊ नका.

बिळं मोजायची सोपी रीत: संध्याकाळी प्रत्येक बीळ चिखलाच्या गोळ्यानं बुजवा. सकाळी उघडलेली तेवढीच चालू. हा आकडा दर आठवड्याला लिहा. काम होतंय की नाही ते यावरून कळतं. पिंजऱ्यात किती सापडले यावरून नाही, कारण मादी तीन आठवड्यांत विते आणि एका वेताला सात-आठ पिल्लं सहज होतात.

मेलेले उंदीर आणि लेंड्या उघड्या हातानं नकोत. लेंड्यांवर आधी ब्लीचिंगचं पाणी शिंपडा, दहा मिनिटांनी गोळा करा. कोरडं झाडू नका. पावसाळ्यात आणि पुरानंतर लेप्टोची (उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाची) भीती खरी असते. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी चढलं तेव्हा बिळातले सगळे उंदीर उंचावरच्या घरांत आले होते. पायाला जखम असेल तर गमबूट घातल्याशिवाय खुराड्यात जायचं नाही.

परडं_कळंबा

दहा दिवसांचे आकडे देते.

खुणेचं अंडं रात्री १० पैकी ४ वेळा गेलं, दिवसा एकदाही नाही. रांगोळीवर बारीक पावलं भरपूर, मोठी पावलं एकाच कोपऱ्यात. बिळं १४ बुजवली, पहिल्या दिवशी ९ उघडली, आज ५. पिंजऱ्यात ११ मिळाले, त्यातले ७ पहिल्या दोन रात्रींत. भांडं रात्री उचलायला लागल्यापासून मॅश रोज दीड किलोवर आलंय. पन्हळीच्या नळ्या बुजवल्या, जाळीचं काम या रविवारी.

कोंबड्या: आरआयआरपैकी तिघींची हाडं आवळलेली आणि पिसांचे कोंब टोचतात. गावरानपैकी दोघी खुडूक (अंडी उबवायला बसलेल्या), दोघींची एक बोट जागा. गोचीड नाही. म्हणजे अंड्यावर पाचच. अंडी अजून तीनच आहेत. एवढं करून वाढली का नाहीत?

हिशेबी_कुक्कुट

कारण ती उंदरांनी फारशी कमी केलीच नव्हती. पाच कोंबड्या तीन अंडी देतायत म्हणजे त्या पाचजणी नीट काम करतायत. आधी तुम्ही संध्याकाळी अंडी न काढता ठेवत असाल तर दोन-तीन दिवसाला एखादं जात असेल, बस. उंदीर पोतं खात होते. अंडी कमी होण्याची कारणं तीन आहेत आणि ती कोंबड्यांच्या अंगात आहेत.

पहिलं, पीसझड. दोन वर्षांच्या आरआयआरला ती यायचीच, त्यात रोज रात्री पत्र्यावर नाच असेल तर लवकर येते आणि लांबते. पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच असतं. या काळात भाकरी-भात घालणं म्हणजे उलटा कारभार. मॅशमध्ये १६-१७ टक्के प्रथिन असतं, भात-कणीत सात-आठ, ज्वारीत दहाच्या आसपास. खाण्याचा तिसरा हिस्सा भात-भाकरी झाला की एकूण प्रथिन १४ वर येतं आणि कॅल्शियम साडेतीन टक्क्यांवरून अडीचच्याही खाली. एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम जातं, आणि खाल्लेल्यातलं निम्मंच अंगी लागतं. कोंबडी आधी पातळ कवचाचं देते, मग बंद करते. दुपारचा तुकडा कोंबडीमागं १० ग्रॅमच्या वर नको, आणि तोही मॅश खाऊन झाल्यावर. सुकट घालणार असाल तर बिनमिठाची. खारवलेल्या सुकटीनं त्या पाणी पीत सुटतात आणि हगवण लागते.

शिंपल्याचा भरडा मॅशमध्ये आणखी मिसळू नका, वेगळ्या वाटीत ठेवा. अंड्यावर असलेली खाईल, कोंबडा आणि पीसझडीतली सोडून देईल. दाणा ज्वारीएवढा असावा, पीठ नको. कवच रात्री तयार होतं, जाड दाणा पोटात टिकून रात्रभर थोडा थोडा विरघळतो. म्हणून वाटी दुपारी तीन-चारला भरलेली असू द्या. घरचीच कवचं घालत असाल तर भाजून बारीक कुटा. अख्खं कवच घातलं की अंडं खायची सवय तुम्हीच लावता.

घरी मॅश करायचा असेल तर १० किलोला: मका भरडा ५ किलो, सोयाबीन पेंड २.२ किलो, भाताचा कोंडा १.७ किलो, शिंपला ८०० ग्रॅम, डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) १५० ग्रॅम, मीठ ३० ग्रॅम, कोंबड्यांचं खनिज-जीवनसत्त्व मिश्रण १२० ग्रॅम. बारीक जिन्नस आधी किलोभर मक्यात कालवून मग सगळ्यात मिसळा, नाहीतर मीठ एकाच कोपऱ्यात राहतं. मका, पेंड लक्ष्मीपुरीच्या बाजारातून आणताना हाताला दमट लागली किंवा कुबट वास आला तर परत करा. बुरशीचं विष शेंगदाणा पेंडीत आणि मक्यात सगळ्यात जास्त, आणि त्यानं अंडी महिनाभर उतरतात. पंधरा दिवसांपेक्षा जास्त दिवसांचं एकदम करू नका, पावसाळ्यात तर आठच.

दुसरं, दिवस. आपल्याकडं डिसेंबरात उजेड अकरा तासांच्या थोडा वर असतो, अंड्याला चौदा लागतात. बल्ब लावायचा तर सकाळी लावा. संध्याकाळी लावलेला दिवा फटकन बंद झाला की कोंबड्या जमिनीवरच अडकतात आणि उंदीर त्यांचे पाय चावतात. ९ वॅटचा पिवळसर एलईडी, टायमरवर, आठवड्याला अर्धा तास वाढवत पहाटे चार-सव्वाचारपर्यंत न्या. सहा आठवडे लागतात. दांडीजवळ वर्तमानपत्र वाचता येईल एवढा उजेड पुरे. पण ज्या तिघी पिसं झाडतायत त्यांची पिसं भरेपर्यंत थांबा, आणि तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या) आणल्या तर साडेचार महिन्यांच्या आत त्यांना हा उजेड नको. पहाटे दिवा लागला तरी खाद्य उजाडल्यावरच, तोवर उंदरांची फेरी संपलेली नसते.

तिसरं, गावरान. गावरान वर्षाला ६०-८० अंडी देते, १२-१५ अंड्यांचा हप्ता झाला की खुडूक. हा दोष नाही, जातच तशी. खुडूक उठवायची तर तळाला जाळी असलेल्या उंच पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवा, खालून वारा लागला पाहिजे. दाणा-पाणी पूर्ण. पाण्यात बुचकळणं, पंखात पीस खुपसणं हे सोडा, त्यानं फक्त कोंबडी भेदरते. दोन-तीन आठवड्यांत पुन्हा अंड्यावर येते. ज्या दोघींची एक बोट जागा आहे त्या म्हाताऱ्या आहेत का बघा. शिवाय गावरान बाहेर बांधाला घालते. सकाळी अकरापर्यंत कोंडून ठेवा आणि चार दिवस फरक बघा.

तीन आरआयआर आणि दोन खुडूक परत आल्या तर तुम्ही सहावर जाल. गणपतीचे सात-आठ आता दुसऱ्या वर्षाच्या कोंबड्यांकडून रोज मिळणार नाहीत. जंताचं औषध, मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस कधी दिली ते लिहिलं नाहीत. दवाखान्यात वहीच घेऊन जा.

उद्यमनगर_फॅब

रविवारी जाळी करताय तर घरट्यांचंही त्याच वेळी करून टाका. चार-पाच माद्यांना एक, १ फूट बाय १ फूट, जमिनीपासून दीड-दोन फूट वर, पण बसायच्या दांडीपेक्षा खाली. तळ मागच्या बाजूला फुटाला २ इंच उतरता, वर रबरी पायपुसणं, मागं झाकणाचा पत्र्याचा कप्पा. अंडं घातलं की लोळत कप्प्यात जातं, उंदराला आणि कोंबडीला दोघांनाही सापडत नाही. उतार जास्त केला तर अंडी आपटून तडकतात आणि कोंबडीही आत बसत नाही. आधी नकली अंडं ठेवून लोळवून बघा.

पायानं दाबायचा फीडर कुणी सुचवेल म्हणून आधीच सांगतो. कोंबडी पाटीवर चढली की झाकण उघडतं, चांगली वस्तू आहे, इथं कोणीही वेल्डर करून देईल. पण तुमच्या कोपऱ्यातली ती मोठी पावलं घुशीची आहेत. मोठी घूस किलोच्या जवळ जाते आणि गावरान कोंबडी सव्वा-दीड किलोची. स्प्रिंग किलोच्या थोडी वर ठेवावी लागेल. शिकवायला पहिले चार-पाच दिवस झाकण दगड लावून पूर्ण उघडं, मग तेवढेच दिवस अर्धं. स्प्रिंग बसली की दिवसा एकदा किलोचं वजन पाटीवर ठेवून बघा, झाकण हललं नाही पाहिजे.